गुरुवारचा घास

अदिस अबाबा, सिदिस्त किलो
१३ तिर २०१०, रविवार

चि. हिरुत हीस,

आशीर्वाद. तुझी व तुझ्या यजमानांची प्रकृती उत्तम असेल आणि तुमच्या भोजनालयाचा जम बसला असेल, अशी अपेक्षा आहे. माझे बरे चालले आहे. घरामागची निलगिरीची झाडे नगरपालिकेने तोडली, त्यामुळे सकाळचे ऊन आता थेट मेजावर येते. तुझ्या आईच्या कबरीवरील अक्षरे मी तिमकतच्या सणापूर्वी पुन्हा रंगवून घेतली. रंगाऱ्याने तिच्या नावात एक अक्षर चुकविले होते; ते माझ्यासमोर खरवडून दुरुस्त करविले.

नऊ वर्षांनंतर लिहिलेल्या पत्रात लिहिण्याचे कारण आरंभीच द्यावे, असे मी विद्यार्थ्यांना शिकवीत असे. येथे मी तो नियम मोडीत आहे. प्रथम वर्तमान, मग कारण.

तुला आश्चर्य वाटेल, पण हिदार महिन्यापासून मी बाहेर जेवू लागलो आहे. ज्या माणसाने तुझ्या लहानपणी रस्त्यावरचे भाजलेले कणीस उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाही, तोच आता आठवड्यातून दोनदा भोजनालयांच्या पायऱ्या चढतो. सोबतीला वोर्कू असतो. जिबूती रेल्वेतला तो तिकीट-तपासनीस तुला आठवत असेल. तू त्याला शिट्टीकाका म्हणायचीस. जुनी रेल्वे बंद पडली, शिट्टी गेली. भूक मात्र शाबूत आहे.

पियासातल्या एका तळघरात उपवासाचे ताट उत्तम मिळते. इंजेऱ्याच्या आंबवलेल्या भाकरीला जाळी पडलेली, आंबूसपणा नेमका, कडेला सात प्रकार, आणि एकाचा रस दुसऱ्यात मिसळलेला नाही. फलकावर मात्र चार शब्दांत तीन चुका होत्या. मालकाला मी त्या दाखविल्या. तो म्हणाला, "आबाबा, वाचायला कोण येतं इथं?" मी म्हणालो, "मी आलो आहे."

केऱ्याला खाटकाच्या दुकानातच बाके टाकून कच्चे मांस वाढतात. टांगलेल्या अर्ध्या बैलाकडे बोट दाखवावे, सुरी फिरते आणि तिखटासह तुकडा समोर येतो. वोर्कूने पाऊण किलो संपविले.

"हे खांद्याचं बघ, तसेमा. लोणी आहे, लोणी!"

"तू खा."

"आणि तू?"

"मी पाहतो."

"बघून पोट भरायला तू काय देवळाच्या भिंतीवरचा संत आहेस?"

कझांचिसच्या एका मोठ्या हॉटेलातही गेलो. वाढप्याच्या गळ्यात फुलपाखरासारखा टाय होता. पदार्थांची यादी तीन भाषांत असून तिन्हींत अशुद्ध होती. पांढऱ्याशुभ्र ताटलीच्या मधोमध टपाल तिकिटाएवढा मासा आला. वोर्कूने तो काट्याने उलटून पाहिला आणि वाढप्याला विचारले, "बाळा, हा मासा आहे की माशाचा पासपोर्टचा फोटो?" मी त्याला दटावले, पण निरीक्षण अचूक होते, हे मान्य केले पाहिजे.

सर्वांत चांगले जेवण मेरकातोत, पत्र्याच्या एका शेडमध्ये मिळाले. बिर्के नावाची बाई तेथे केवळ शिरो करते. बेसनाचे ते साधे कालवण, पण मडके समोर येते तेव्हाही बुडबुडत असते आणि त्याचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत पोहोचतो. बाई तोंडाने फटकळ आहे. माझ्या ताटाकडे पाहून म्हणाली, "काय आबाबा, माझ्या शिरोत माशी पडलीय का? हात पण लावला नाहीत!"

वोर्कू म्हणाला, "तो जेवायला येत नाही, बाई. पाटी तपासायला येतो."

"मग पाटीच वाढते त्यांना! मीठ लावून देऊ का?"

अशी आमची भ्रमंती चालली आहे. बोलेच्या रस्त्यालगत फळांच्या रसाचे एक दुकान आहे. तेथे मी तीनदा गेलो. पपई, आंबा आणि अवोकाडो असे तीन थर एकाच पेल्यात उभे राहतात. पेला मी संपवितो. त्या दुकानाच्या काचेतून समोरची इमारत दिसते. तिच्या दुसऱ्या मजल्यावर तुमचे भोजनालय आहे. फलक शुद्ध आहे. मला समाधान वाटले.

आता कारण. येत्या गुरुवारी, १७ तारखेला, मध्यान्ही मी वोर्कूसह तुमच्याकडे जेवावयास येणार आहे. गुरुवार मुद्दाम निवडला. उपवासाचा वार नसल्याने तो प्रश्न उद्भवणार नाही. तुमच्या लग्नाच्या नोंदणीनंतरच्या जेवणात जे घडले ते बुधवार असल्यामुळे घडले, हे तुला ठाऊक आहेच. उत्तराची आवश्यकता नाही. नको असेल तर दारावरच्या माणसास तसे सांगून ठेवावे. मी वाद न घालता परत जाईन.

तुझे वडील,
तसेमा वोल्देयेस

*

अदिस अबाबा
२० तिर २०१०, रविवार

चि. हिरुत हीस,

आशीर्वाद. गुरुवारी जे घडले ते तू गल्ल्यामागून पाहिलेस. मी ते मेजाच्या बाजूने सांगतो. दोन्हीकडून एकच घटना दिसली असेल, असे नाही.

दारावर कोणी अडविले नाही. तुझे यजमान जिन्यापर्यंत सामोरे आले. आदुग्ना मला भेटण्यासाठी वाकला आणि मी हात पुढे करीपर्यंत वाकलेलाच राहिला. "या आबा. जिन्याचा त्रास नाही ना झाला?"

वोर्कू म्हणाला, "जिना हा चढला, दम मला लागला. काय वास सुटलाय रे जावई!"

"वास फुकट आहे, काका. बसा."

त्याने आम्हाला खिडकीजवळ बसविले. हात धुवायला पाणी घालण्यास तुमच्याकडे माणसे आहेत; तरी तांब्या-तस्त त्याने स्वतः आणले. पाणी कोमट होते. शेजारच्या मेजावर सुटातले दोन गृहस्थ काळ्या मातीच्या वाडग्यातून रस्सा पुसून खात होते. ती भांडी त्याच्या आईने घडविलेली आहेत, हे मला ठाऊक होते. शहरातले प्रतिष्ठित लोक त्या वाडग्यांत बोटे बुडवितात आणि बोटे चाटतात, हे मी बराच वेळ पाहत राहिलो. तू एकदा वर पाहिलेस. तुझ्या केसांत पांढरे दिसू लागले आहे. मला ते माहीत नव्हते.

मोठे ताट आले. कोंबडीचा लाल रस्सा, अंडी, ताजे पनीर. आदुग्ना उभाच राहिला. मग त्याने इंजेऱ्याचा तुकडा मोडला, रश्शात बुडविला, वर अंड्याची फोड ठेवली आणि गुंडाळून घास केला. घास मोठा होता. आपल्यात लहान घास कोण भरवतो? जितका मान, तितका घास. डावा तळवा खाली धरून तो म्हणाला, "आबा, एकच. माझ्या हातचा."

मी तोंड उघडले, हिरुत. ते तू पाहिले असशील अशी आशा आहे.

हिदारच्या आरंभी इस्पितळात माझी तपासणी झाली. अन्ननलिकेत गाठ आहे. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितले की घट्ट अन्न हळूहळू बंद होईल. तहसास महिन्याच्या मध्यापर्यंत भिजविलेला पाव उतरत असे. आता दूध, रस आणि पातळ पेज तेवढी उतरते. मी भोजनालये पाहत फिरलो ती जेवण्यासाठी नव्हे. जन्मभर ज्याला मी असभ्यपणा म्हटले, ते चारचौघांत बसून खाणे, एकदा जवळून पाहावे असे वाटले. ताट मागवायचो ते वोर्कूसाठी. आणखी खरे सांगायचे तर, एकदम तुमच्या दारी येण्याचे धैर्य नव्हते. पियासा, केरा, मेरकातो, कझांचिस, मग समोरचे रसाचे दुकान. असा मी टप्प्याटप्प्याने तुमच्याकडे येत होतो.

एक घास उतरेल, असा माझा हिशेब होता. उतरला नाही. श्वास अडला. रुमाल तोंडाशी धरून तो घास मी बाहेर काढला. डोळे पुसून वर पाहतो तर आदुग्नाचा हात तसाच पुढे होता, आणि तू मेजाशी येऊन उभी होतीस.

"आज गुरुवार आहे, आबा," एवढेच तू म्हणालीस. मग ताट उचललेस.

आदुग्ना म्हणाला, "राहू दे, हिरुत."

"काय राहू दे? नऊ वर्षं वाट बघितलीस ना? घे, झालं तुझं."

वोर्कू बोलण्यासाठी उठत होता. मी मेजाखाली त्याचा पाय माझ्या पायाने दाबून धरला. माझ्याने त्या क्षणी शब्द निघत नव्हता, हे खरे. पण निघाला असता तरी मी बोललो नसतो, हे अधिक खरे. त्या पांढऱ्या मेजपोशांत, त्या सुटातल्या लोकांसमोर, दया वाढून घेणे मला जमले नाही. शिवाय आजार पुढे करून मिळविलेली क्षमा ही क्षमा नव्हे, असे मला वाटले. जिना उतरल्यावर वोर्कू मला म्हणाला, "गाढवा, तिनं तुला थुंकताना पाहिलं. मरताना पाहिलं नाही." तो बरोबर होता. म्हणून हे पत्र.

आणि हे लिहितोच आहे, तर तो बुधवारही लिहितो.

त्या दिवशी आदुग्नाने माझ्यापुढे धरलेला घास मसुरीचा होता. बुधवार आहे हे त्याला ठाऊक होते; त्याने ताटाची उपवासाची बाजू पाहून, लोण्याचा थेंब नसलेला घास केला होता. मी तोंड फिरवून मोठ्याने म्हणालो, "आज माझा उपवास आहे." तू माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, "आबा, मसूर आहे ती." मी ऐकले होते. ऐकले नाही, असे दाखविले.

उपवासाचा काही संबंध नव्हता. माझ्या डोंगराकडच्या गावात कुंभारांच्या हातचे कोणी खात नसे. त्यांची मडकी घरोघरी, आणि माणसे कुंपणाबाहेर. त्यांची नजर बाधते, म्हणत. माझी आई कुंभारणीला धान्य द्यायची तेही जमिनीवर ठेवून. मी शहरात आलो, शिकलो, चौतीस वर्षे मुलांकडून समतेवर निबंध लिहून घेतले आणि त्यांतल्या चुका काढल्या. आणि कुंभाराचा मुलगा हात पुढे करून उभा राहिला, तेव्हा माझी मान आपोआप वळली. मला वाटले होते, माझ्यात ते काही उरले नाही. ते सगळे होते.

त्यानंतर दोन महिन्यांनी तू पत्र पाठविलेस. मी ते तांबड्या शाईने तपासून परत पाठविले. पत्रात अकरा चुका होत्या. आज मला चुका आठवतात, पत्र आठवत नाही.

पुढल्या आठवड्यातल्या सोमवारी, २८ तारखेला, ते माझ्या पोटात बाहेरून नळी बसविणार आहेत. त्यानंतर तोंडावाटे काही द्यावयाचे नाही. तेव्हा सोमवारपूर्वी, जमल्यास, दोघे या. बाजरीची पातळ पेज अजून उतरते. ताट नको, काही करून आणावयास नको. पेज घरी आहे, चमचाही आहे. आदुग्नाने एकदा चमचा धरावा. माझी तेवढी एक इच्छा आहे.

तुझे वडील,
तसेमा

*

इस्पितळ, पुरुषांचा कक्ष, खाट क्र. ९
३० तिर २०१०, बुधवार

श्री. आदुग्ना यांस,

सप्रेम नमस्कार. हे पत्र वोर्कू तुमच्या स्वयंपाकघराच्या मागील दाराने तुमच्याच हाती देईल. नळी परवा बसली. शस्त्रक्रिया ठीक झाली, असे म्हणतात. कक्षात दुपारी जेवणाचे डबे उघडतात तेव्हा मी भिंतीकडे तोंड करतो. बाकी त्रास नाही.

हिरुतला लिहिलेले माझे पत्र तिने न फोडता परत केले. वोर्कूच्या हाती ते देताना ती म्हणाली, "काका, आबांना म्हणावं, मीही तपासलं, चूक सापडली नाही." वोर्कू तरीही दारात उभा राहून सांगू लागला, तर तिने हात वर केला. "त्यांची वकिली नको. तुम्ही जेवून जा हवं तर." तो जेवला नाही. त्याच्या बाबतीत हे किती मोठे आहे, हे तुम्ही जाणता. मी तिला दोष देत नाही. पत्र परत करण्याची रीत तिला मीच शिकविली.

त्या पत्रातले तुमच्यापुरते दोन विषय येथे लिहितो. पहिला: गुरुवारचा घास मी नाकारला नाही. माझ्या अन्ननलिकेत गाठ आहे. तो उतरला नाही. दुसरा: बुधवारचा घास मात्र मी नाकारला. तो मसुरीचा आहे, हे मला ठाऊक होते. उपवासाची सबब खोटी होती. तुमच्या आईवडिलांचा माती मळण्याचा, मडकी भाजण्याचा धंदा हे कारण खरे होते. तुम्हाला हे नऊ वर्षे माहीत असावे. तरी गुरुवारी तुम्ही पाणी कोमट करून आणलेत.

आता या पत्राचे प्रयोजन.

गेल्या रविवारी आमच्या वस्तीतल्या इद्दिरची, मयतीचे सगळे पाहणाऱ्या मंडळाची, मासिक सभा होती. तेवीस सभासद हजर होते. दुसऱ्या दिवशी मला इस्पितळात दाखल व्हावयाचे होते, म्हणून मी गेलो आणि खुर्चीवर बसूनच लेखी अर्ज वाचला. माझ्यामागे मांडव पडेल तेव्हा तीन दिवस येणाऱ्या माणसांचे जेवण माझ्या जावयाच्या स्वयंपाकघरातून यावे आणि त्याने सर्वांबरोबर, मधल्या ताटाला बसावे, अशी ती विनंती होती. जिवंतपणी मला जमले नाही, ते मेल्यावर तरी सर्वांसमोर व्हावे, असा हेतू होता.

मी अर्ज खाली ठेवला. मग नेगुसे उठला. तो माझा विद्यार्थी. समतेच्या निबंधात त्याला मी पहिला क्रमांक दिला होता. अत्यंत नम्रपणे म्हणाला, "गुरुजी, राग मानू नका. पण तुम्ही स्वतः तरी कुठं खाल्लं होतंत? तुम्ही नाही खाल्लं म्हणून आम्हीही लग्नाच्या त्या दिवशी ताटावरून उठलो. आता आमच्या बायकामुलांनी खावं म्हणता?"

मागून कोणी तरी म्हणाले, "हॉटेलात खातो की आपण त्याच्या. तिथलं वेगळं."

"तिथं कोण बघतंय!" दुसरा म्हणाला, आणि काही जण हसले.

वोर्कू ओरडला, "अरे, बिलं भरून खाता आणि फुकट मिळालं तर विटाळ होतो व्हय रे तुम्हाला?" त्याला खाली बसविण्यात आले. हात वर केले गेले. माझ्या बाजूने चार, माझा धरून. विरोधात एकोणीस. त्या एकोणिसांपैकी बारा जणांना मी शिकविले आहे. अध्यक्षांनी अर्ज घडी घालून मला परत दिला आणि माझ्या प्रकृतीसाठी सर्वांनी उभे राहून प्रार्थना केली.

हे ऐकवण्याचे कारण असे, की तुम्ही याल. तुमचा स्वभाव मी एका गुरुवारात ओळखला. बातमी कळली की तुम्ही रात्रभर चुली पेटवाल, मोठी पातेली भराल आणि मांडवात आणाल. हिरुत नको म्हणाली तरी आणाल. पातेली कोपऱ्यात राहतील. लोक तुमची विचारपूस करतील, आदराने बसावयास सांगतील, आणि कोणी झाकण उघडणार नाही. कोणाला पोट बिघडल्याचे आठवेल, कोणाला बुधवार असल्याचे. सबबी कशा सांगाव्यात हे त्यांना चांगले येते. त्यांनी माझे पाहिले आहे. शेवटच्या दिवशी ती भरली पातेली तुम्हालाच परत उचलावी लागतील.

म्हणून विनंती अशी की, येऊ नये. तुम्ही येऊ नये आणि अन्न पाठवू नये. इद्दिर मला नीट पुरेल. ते त्यांचे कामच आहे, आणि ते चोख करतात. तुमचा हात दोनदा माझ्यासमोर तसाच पुढे राहिला. तो तिसऱ्यांदा मी नसताना राहावा, हे मला सहन होत नाही.

राहिली हिरुत. माझ्या आजाराबद्दल तिला सांगावे की नाही, याचा मी दोन दिवस पडून विचार केला. सांगितले तर ती गुरुवार आठवून स्वतःला दोष देत राहील, आणि तो दोष जन्मभराचा असेल. न सांगितले तर मला देईल. दुसरे बरे. तिला माझ्यावर रागावण्याची सवय आहे. तिचे त्यात निभावते. वोर्कूकडून मी शपथ घेतली आहे. तुमच्याकडून शपथ मागण्याचा मला अधिकार नाही, म्हणून केवळ लिहितो.

येथील परिचारिका आत्ताच नळीतून दूध घालून गेली. चव लागत नाही, पण पोटात ऊब जाणवते. आज वारही बुधवार आहे. उपवासात दूध चालत नाही. मी तिला काही बोललो नाही.

पत्र वाचून झाल्यावर जाळावे.

तुमचा सासरा,
तसेमा